सहाध्यायी

जबलपूरच्या गोलबाजारात शहीद स्मारकाची इमारत आहे. तिच्या आतल्या भिंतींवर स्वातंत्र्यलढ्यातील प्रसंग रंगविलेले आहेत. ही चित्रे ब्योहार राममनोहर सिंहा यांनी आपल्या शांतिनिकेतनी सहकाऱ्यांसह काढली. राममनोहर जबलपूरचेच. नंदलाल बसूंच्या हाताखाली ते तयार झाले आणि भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान त्यांच्या कुंचल्याने सजले. स्मारकातील आकृतींची घडण आणि रेषेचा संथ ओघ पाहताच हे वळण कोणत्या कलाभवनातले आहे, हे जाणकाराला सांगावे लागत नाही. राममनोहर त्या कलाभवनात दाखल होण्याच्या काही वर्षे आधी थायलंडहून आलेला एक विद्यार्थी तेथे नंदलालांजवळ शिकत होता. त्याचे नाव फुआ हरिपिताक. पुढे आपल्या देशातील मंदिरांच्या जुन्या भित्तिचित्रांचा तो सर्वांत मोठा रक्षणकर्ता ठरला. तेव्हा गोलबाजारातील या भिंतींना बँकॉकमध्ये एक गुरुबंधू आहे, असे म्हणायला हरकत नाही.

फुआंच्याच काळात विश्वभारतीत आणखी एक थाई विद्यार्थी होता. त्याच्या हाती रंग नव्हते, पोथ्या होत्या. करुणा कुसलासय हे त्याचे नाव. १३ ऑगस्ट २००९ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी करुणांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी फार थोडे तोवर उरले असतील. विद्यार्थिदशेतील परदेशी सोबत्याचे हे एक दुर्दैव असते. गावचा माणूस गेला तर त्याच्या दारात चार माणसे जमतात. वर्षानुवर्षे शेजारच्या चटईवर बसून ज्याने तेच पाठ घोकले, तोच गुरू ऐकला, त्याची वार्ता मात्र समुद्रापलीकडून येते, तीही कधी कधी येतच नाही. आणि आली तरी शोकसभा कोणत्या गावी भरवावी?

मराठीत अशा सोबत्यासाठी ‘वर्गमित्र’ हा चलनी शब्द आहे. ‘सहाध्यायी’ हा जुना शब्द आता ग्रंथांतच आढळतो. दोहोंत सूक्ष्म भेद आहे. वर्गमित्राशी नाते वर्गामुळे जडते आणि मैत्रीने टिकते. सहाध्यायी हे नाते अध्ययनाचे आहे; ज्या ग्रंथापाशी दोघे एकत्र बसले, तो ग्रंथ जोवर वाचला जातो तोवर ते तुटत नाही. करुणांचे स्मरण करायचे तर हाच शब्द योग्य वाटतो, कारण त्यांनी आपले सारे आयुष्य एका अर्थी त्या चटईवरच काढले.

त्यांचा जन्म १० मे १९२० रोजी नखोन सवन प्रांतात, चिनी वंशाच्या एका कुटुंबात झाला. ‘नखोन सवन’ कानाला परके वाटते, पण ते थाई लिपीत लिहिलेले वाचले की ‘नगर’ आणि ‘स्वर्ग’ हे दोन्ही शब्द अक्षरश: समोर उभे राहतात. थाई लोक लिहिताना संस्कृत आणि पाली जपतात, उच्चारताना मात्र आपल्या जिभेला सोयीचे तेवढेच घेतात. कुसलासय हेही तसेच, ‘कुशल’ आणि ‘आशय’ यांचे पाली रूप. राहता राहिली ‘करुणा’. मराठी घरात हे नाव मुलीचे. त्यामुळे करुणा कुसलासय हे नाव प्रथम वाचणारा मराठी माणूस ती एखादी विदुषी असावी असे समजला तर तो त्याचा दोष नव्हे. पालीत ते ब्रह्मविहारांपैकी एकाचे नाव आहे आणि श्रामणेराला ते शोभण्यासारखेच आहे.

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा १९३३ मध्ये श्रामणेर झाला. त्या वर्षी सयाममध्ये लोकनाथ नावाचे एक विलक्षण भिक्षू फिरत होते. इटलीत जन्मलेले, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेले, रसायनशास्त्र शिकलेले साल्वातोरे चोफी हे गृहस्थ ब्रह्मदेशात भिक्षू झाले होते. सयामी भिक्षूंना पायी बुद्धभूमीस न्यावे, तेथे शिकवून तयार करावे आणि साऱ्या जगात धर्मप्रचारास पाठवावे, असा त्यांचा बेत होता. ब्रह्मदेशमार्गे ही यात्रा निघाली. वाट जंगलाची आणि डोंगराची. अनेकजण वाटेतूनच परतले आणि बेत होता तसा तडीस गेला नाही. तेरा वर्षांचा करुणा मात्र भारतात पोहोचला आणि राहिला.

जबलपूरकरांना अशा पदयात्रेचे नवल वाटू नये. पूर्वी जबलपूर जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून कटनी जिल्ह्यात गेलेले रूपनाथ येथून फार लांब नाही. तेथील खडकावर अशोकाचा एक लघुलेख कोरलेला आहे. आपण उपासक झालो, पुढे संघाच्या निकट गेलो आणि मग नेटाने प्रयत्न केला, असे सम्राट त्यात सांगतो. लेखाच्या शेवटी २५६ हा आकडा येतो. त्याचा अर्थ लावताना अभ्यासकांत खल झाला. राजाने प्रवासात काढलेल्या त्या रात्री होत, हा अर्थ आज बहुतेकांना मान्य आहे. ‘किती रात्री घराबाहेर काढल्या’ हा हिशेब राजाने दगडावर कोरून ठेवावा, याचे मोठे अप्रूप वाटते. अनाथ श्रामणेराच्या रात्री कोणी मोजल्या नाहीत.

करुणा सारनाथला आला तेव्हा मूलगंधकुटी विहार अगदी नवा होता. १९३१ च्या नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले होते. तो उभारणारे अनागारिक धर्मपाल १९३३ च्या एप्रिलमध्ये तेथेच निवर्तले होते आणि विहाराच्या भिंतींवर कोसेत्सु नोसू हे जपानी चित्रकार बुद्धचरित्र रंगवीत होते. सिंहली भिक्षूंनी चालविलेला विहार, जपानी चित्रकार, इटालियन भिक्षूच्या मागून आलेला चिनी वंशाचा सयामी मुलगा आणि भोवती काशीची हिंदी असे ते सारनाथ होते. तेथे त्याने पाली आणि संस्कृत घेतली, ते अपेक्षितच होते. पण त्याने हिंदीही घेतली, आणि ती नुसती बोलण्यापुरती नव्हे तर परीक्षा देऊन, वाङ्मयाची भाषा म्हणून. करुणांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली येथे आहे. आग्नेय आशियातून भारतात येणाऱ्या विद्वानाला आपण सहसा प्राचीन भारताचा पाहुणा समजतो. तो यावा, स्तूप पाहावा, पाली ग्रंथांची पाठांतरे जुळवावी आणि जावे. आजच्या भारताची एखादी भाषा त्याने शिकावी, तिच्यातील वर्तमानपत्र वाचावे, हे आपल्याला सुचत नाही. या मुलाला ते सुचले, किंवा परिस्थितीने ते त्याच्याकडून करविले.

त्या काळी हिंदी शिकणाऱ्याच्या मागे जे प्रमाण व्याकरण उभे होते ते जबलपूरच्या एका शिक्षकाचे. पंडित कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये काढले. आपल्या ग्रंथाची मांडणी करताना मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा आधार घेतल्याचे गुरुजींनी मोकळेपणाने सांगितले आहे. दामल्यांचे पुस्तक १९११ चे. पुण्याच्या एका व्याकरणकाराची शिस्त जबलपूरमार्गे काशीला गेली आणि तेथील हिंदीच्या अभ्यासक्रमात मुरली. ज्या भाषेत सारनाथचा सयामी श्रामणेर वाढला तिचे नियम असे तीन गावांतून आले होते. जबलपूरच्या मराठी माणसांना हे माहीत असायला हवे. नसते, याचे कारण आपल्या भाषांचे इतिहास स्वतंत्र खोल्यांत बसून लिहिले जातात.

जबलपूर आणि सारनाथ यांचा संबंध याहून पुष्कळ जुना आहे. शहरापासून भेडाघाटच्या वाटेवर तेवर गाव लागते. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तेथील कर्णदेव हा अकराव्या शतकातला बलाढ्य राजा. त्याच्या राजवटीतला एक शिलालेख सारनाथला सापडला. त्यावर कलचुरी संवत् ८१० म्हणजे इ. स. १०५८ असा काळ आहे. मजकूर राजाच्या पराक्रमाचा नाही. धनेश्वराची पत्नी मामका, महायानाची उपासिका, हिने ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या ग्रंथाची प्रत लिहवून घेतली आणि सद्धर्मचक्रप्रवर्तन महाविहारातील भिक्षुसंघाला दान दिले, एवढेच त्यात आहे. हा लेख आज आपल्याला सुलभपणे वाचायला मिळतो तो नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशी यांच्यामुळे. कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९५५ मध्ये निघाला आणि त्रिपुरीच्या राजघराण्याचा इतिहास त्याने पक्क्या पायावर आणला. मिराशींनी राजांच्या वंशावळी लावल्या, मिती तपासल्या. वाचकाच्या मनात मात्र मामका रेंगाळत राहते. एक बाई. एका पोथीची नक्कल. त्या काळचे सारनाथ म्हणजे नक्कल करणाऱ्यांचे, घोकणाऱ्यांचे आणि दुरून आलेल्यांचे गाव होते.

कर्णाचेच नाव तिबेटी परंपरेत आणखी एका संदर्भात येते. मगधात पालराजा नयपाल आणि कर्ण यांचे युद्ध झाले, तेव्हा आचार्य अतिशांनी मध्यस्थी करून तह घडविला, असे तेथील चरित्रे सांगतात. हे अतिश तरुणपणी समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपास, म्हणजे सुमात्रेकडे, गेले होते आणि तेथील आचार्यांजवळ बारा वर्षे शिकले होते. ‘बृहत्तर भारत’ म्हणून जी मांडणी कलकत्त्यात १९२० नंतरच्या दशकांत झाली तिच्यात विद्या नेहमी पूर्वेकडे वाहत जाते, भारतीय तेथे गुरू म्हणूनच जातो. अतिशांची पाठशाळा या नकाशात नीट बसत नाही. भारतीय विद्यार्थी सुमात्रेच्या चटईवर बसला होता. त्याचेही कोणी सहाध्यायी असतील, आणि तो परतल्यावर त्यांनी त्याची आठवण काढली असेल.

१९३९ च्या सुमारास करुणा शांतिनिकेतनात आला. तेवरच्या परिसरात त्रिपुरी काँग्रेस भरली ते हेच साल. रवींद्रनाथांचे थकलेले, तरीही लिहिते राहिलेले शेवटचे दिवस त्याच्या वाट्याला आले. कवीला सयामचे अगत्य जुने होते. १९२७ च्या ऑक्टोबरात ते बँकॉकला जाऊन आले होते, त्या देशावर त्यांनी कविता लिहिली होती. पुढे १९३२ मध्ये स्वामी सत्यानंद पुरी हे बंगाली पंडित बँकॉकला गेले, थाई शिकले, थाईतून भारतीय विषयांवर लिहू लागले आणि त्यांनी तेथे थाई-भारत सांस्कृतिक आश्रम उभा केला. म्हणजे एक बंगाली बँकॉकमध्ये थाई लिहीत होता आणि एक थाई बंगालमध्ये हिंदी व बंगालीच्या सहवासात वाढत होता. विद्येचा व्यवहार असा दोन्ही हातांनी चालू होता. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. त्यानंतर चार महिन्यांनी, ८ डिसेंबरला, जपानी फौजा थायलंडमध्ये उतरल्या. त्याच महिन्यात थायलंडने जपानशी करार केला आणि २५ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन व अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले.

आंब्याच्या सावलीत बसणारे दोन विद्यार्थी या घोषणेने शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. त्यांनी काही केले नव्हते, कोणी त्यांना काही विचारलेही नव्हते. विश्वभारतीचे बोधवाक्य सारे विश्व एका घरट्यात नांदण्याचे आहे. सरकारी दृष्टीने मात्र त्या घरट्यातील कोणते पाखरू कोणत्या रानातून आले होते, हे आता महत्त्वाचे ठरले. करुणा आणि फुआ दोघेही स्थानबद्ध झाले. दिल्लीचा पुराना किल्ला, मग राजस्थानातील देवळीची छावणी असा करुणांचा मुक्काम हलत गेला. ही देवळी वर्ध्याजवळची नव्हे आणि नाशिकची देवळालीही नव्हे. अजमेर-मेरवाड्याच्या मुलखातील, वाळवंटाच्या कडेची लष्करी वसाहत. थोडेच दिवस आधी, १९४१ मध्ये, तेथे जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे स्थानबद्ध होते आणि तेथील राजबंद्यांनी उपोषण केले होते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात देवळी येते ती त्या उपोषणासाठी. पुढे त्याच बराकींत जपानी, जर्मन, थाई असे परके लोक आले, आणि आपल्या इतिहासाचे लक्ष तेथून उडाले.

करुणांनी चीवर उतरविले ते याच काळात. तेराव्या वर्षी ते अंगावर घेतले होते आणि तेव्हापासून भारतात त्यांचे दुसरे कोणतेही रूप कोणी पाहिले नव्हते. तारेच्या कुंपणाआड ते गृहस्थ झाले. ज्या देशात धर्म शिकावयास आले त्या देशाने त्यांना कैदेत भिक्षुवेश सोडताना पाहिले. त्या वेळी देशाची सत्ता परक्यांकडे होती, हे खरे आहे आणि आपण ते घाईने सांगतोही. पण देवळीचा उपयोग स्वतंत्र भारतानेही केला. १९६२ च्या चीनयुद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना तेथे नेऊन ठेवले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेली कुटुंबे होती, शाळकरी मुले होती. करुणा चिनी वंशाचे होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. रवींद्रनाथांचा विद्यार्थी म्हणून त्यांचा गौरव करायचा आणि देवळीचा कैदी म्हणून त्यांना वगळायचे, ही स्मरणाची रीत सोयीची असली तरी न्यायाची नाही.

करुणा बंदीत असतानाच पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदीत होते. तेथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. भोवती मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी मंडळी होती. कोणी अरबी-फारसीचा जाणकार, कोणी अभिधर्माचा. नेहरूंनी ग्रंथ अर्पण केला तो आपल्या या सहबंद्यांना. नगरच्या किल्ल्यात सहबंदी हेच सहाध्यायी झाले होते. देवळीत सहाध्यायी सहबंदी झाले होते. पुढे हाच ग्रंथ थाई भाषेत नेला तो करुणांनी. एका कैद्याने नगरला जे भारताबद्दल शोधले ते, त्याच वर्षांत भारतातच कैदेत असलेल्या दुसऱ्या माणसाने आपल्या लोकांना आपल्या बोलीत सांगितले. भाषांतराच्या इतिहासात मूळ ग्रंथ आणि भाषांतर यांच्या प्रकाशनाची साले असतात. ही गोष्ट त्या सालांत कुठेच दिसत नाही.

१९४६ मध्ये दोघेही मित्र मायदेशी परतले. फुआ पुन्हा चित्रांकडे वळले. करुणांनी लिखाण, अध्यापन, भाषांतर यांत पाय रोवले, संसार मांडला. पत्नी रुआंगउराई यांनी पुढे त्यांच्या बरोबरीने भाषांतरे केली. येथे हे चरित्र संपले असते तर ते एखाद्या प्राच्यविद्यापंडिताचे ठरले असते. तसे झाले नाही. १९५५ च्या अखेरीस पंतप्रधान फिबून यांच्या गोटातून चार थाई माणसे गुपचूप पेकिंगला पाठविण्यात आली. उघडपणे थायलंड अमेरिकेच्या गटात होता आणि चीनशी त्याचा कोणताही राजकीय संबंध नव्हता. या चौघांत करुणा होते. माओ आणि चौ एन-लाय यांची त्यांनी भेट घेतली. तीन वर्षांत बँकॉकमध्ये सरकार उलथले, मार्शल सरित यांच्या हाती सत्ता आली, आणि सरकारनेच केलेली ती यात्रा करुणांच्या अंगावर साम्यवादाचा आरोप होऊन आली. कित्येक वर्षे ते बँकॉकच्या तुरुंगात होते. देवळीच्या बराकींत भारतीय चिनी कुटुंबे कोंडली गेली, त्या १९६२ मध्येही ते आतच होते. इंग्रजांनी त्यांना थाई म्हणून धरले, थाई सरकारने चीनधार्जिणे म्हणून. परक्या मुलखाची ओळख असलेला माणूस युद्धकाळात कोणालाच विश्वासाचा वाटत नाही. तो दोन भाषा जाणतो, एवढाच त्याच्यावरचा पुरावा असतो.

तरीही या माणसाने भाषांतरे केली ती भारताची. गांधीजींचे आत्मचरित्र, नेहरूंचा ग्रंथ, रवींद्रनाथांची ‘गीतांजली’, महाभारताची कथा, अश्वघोषाचे ‘बुद्धचरित’. काही त्यांनी एकट्याने केली, काही रुआंगउराईंसह. ही यादी सावकाश वाचावी. पहिल्या चक्री राजाच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, थाई दरबाराने ‘रामकियेन’ सिद्ध केले तेव्हा रामकथा पूर्णपणे थाई झाली होती. अयोध्या तर आधीच त्यांच्या जुन्या राजधानीचे नाव होऊन बसली होती. थाई वाचकाला प्राचीन भारत नवा नव्हता, तो घरचाच होता. जो नव्हता तो येरवड्याचा, चंपारणचा, नगरच्या किल्ल्याचा भारत, स्वत:शी वाद घालणारा, तुरुंगात बसून स्वत:चा शोध घेणारा. करुणांनी तो नेला. त्यांना तो नेता आला, याचे कारण सारनाथच्या आवारात शिकलेल्या हिंदीत शोधावे लागते. पालीच्या वाटेने आलेला मनुष्य बुद्धापाशी थांबला असता तरी कोणी त्याला बोल लावला नसता.

‘बुद्धचरिता’ची गोष्ट थोडी वेगळी. या काव्याचा संस्कृत पाठ निम्माच उरला आहे. बुद्धत्वप्राप्तीपर्यंत जेमतेम कथा येते आणि पुढचा भाग तिबेटी व चिनी भाषांतरांतून जाणून घ्यावा लागतो. भारताने आपले काव्य हरवले आणि भाषांतरकारांनी राखले. उरलेल्या संस्कृत भागातच छंदकाच्या परतीचा प्रसंग आहे. राजपुत्राला वनात सोडून, रिकामा घोडा घेऊन तो सारथी नगरात येतो आणि आता घरच्यांना काय सांगावे हे त्याला कळत नाही. अश्वघोषाने राजपुत्राइतकेच लक्ष या सारथ्याला दिले आहे, आणि काव्य म्हणून तो भाग कितीतरी सरस उतरला आहे. करुणांनी या प्रसंगाच्या ओळी थाईत कशा उतरविल्या असतील हे थाई जाणणाऱ्या एखाद्या भारतीय अभ्यासकाने कधीतरी सांगायला हवे. आज आपल्या विद्यापीठांत असे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतकेच, हे जरा लाजिरवाणे आहे. भारत-थाई संबंधांवर आपण परिसंवाद इंग्रजीत भरवितो.

मराठी वाचकाला करुणांच्या जीवनाकडे पाहताना धर्मानंद कोसंबींची आठवण होणे अटळ आहे. गोव्यातील सांखवाळच्या या गृहस्थाने १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले, १९०२ मध्ये तेथे दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहिले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन १९२४ चे. त्यात काशीच्या अन्नछत्रातील जेवणापासून ध्यानाच्या अनुभवापर्यंत सर्व एका सपाट, खरखरीत, निर्मळ मराठीत आले आहे. बुद्ध शोधण्यासाठी कोसंबी भारताबाहेर गेले. करुणा त्याच बुद्धासाठी भारतात आले. दोघांनीही पायपीट केली, दोघांनी चीवर घेतले आणि उतरविले, दोघांना गांधींची ओढ लागली. फरक एका ठिकाणी आहे आणि तो लहान नाही. कोसंबींच्या ‘निवेदना’त प्रत्येक वळणावर निर्णय त्यांचा आहे, बायको-मुलीला मागे ठेवण्याची टोचणीही त्यांचीच. करुणांनी आपल्या आत्मकथेला जे थाई नाव दिले त्याचा अर्थ ‘निवडता न आलेले आयुष्य’ असा होतो. अनाथपण त्यांनी निवडले नव्हते, देवळी निवडली नव्हती, बँकॉकचा तुरुंगही नाही. एवढा प्रवास केलेल्या माणसाने आपल्या चरित्राला हे नाव द्यावे! प्रवासी म्हणजे स्वच्छंदी, ही समजूत त्यामुळे ढासळते. त्यांच्या प्रवासांपैकी निम्मे तरी शिपायांच्या पहाऱ्यात झाले होते.

फुआ हरिपिताकांनीही पुष्कळ पाहिले. १९५४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर रोमला गेले, तेथील अकादमीत शिकले. त्यांचे पहिले गुरू कोर्रादो फेरोची इटलीचेच. बँकॉकमध्ये ते शिल्प भीरश्री या थाई नावाने ओळखले जात. इतके पाहून झाल्यावर फुआ गावोगावच्या ओलसर, पोपडे सुटलेल्या मंदिरभिंतींसमोर बसून जुन्या चित्रांच्या नकला करू लागले. वात राखांग या विहारातील त्रिपिटक ठेवण्याचे लाकडी ग्रंथालय मोडकळीस आले होते. ते त्यांनी पुन्हा उभे केले. १९८३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. नव्या कलावंताने आधी परंपरेची नक्कल हाताखालून घालावी, हा नंदलालांचा आग्रह त्यांच्या हातात किती होता आणि फेरोचींची शिस्त किती, याचा निवाडा चित्रकलेच्या इतिहासकारांनी करावा. नकलेला कमी लेखणाऱ्या आजच्या दिवसांत तो करण्यासारखा आहे.

फुआंच्या मागे करुणा सोळा वर्षे जगले. आंब्याखालचा वर्ग, मग तारेचे कुंपण, मग सुटका, या साऱ्याला साक्षी असलेला सोबती गेला म्हणजे त्या काळातल्या क्षुल्लक गोष्टी प्रथम जातात. कोणत्या गुरुजींना कोणती लकब होती, छावणीत पाणी कोण भरी, हिंदीचा कोणता शब्द सयामी तोंडात बसत नसे आणि कोण त्याला हसे. आत्मचरित्रात या गोष्टी फारशा येत नाहीत. त्या दोन माणसांत बोलल्या जातात. एक गेला की दुसऱ्याला त्या आठवूनही सांगायला कोणी राहत नाही. रुआंगउराई होत्या, ग्रंथ होते, थायलंडमधले तरुण वाचक होते. भारतावर थाईत जे काही चांगले वाचायला मिळते त्याच्या आरंभी करुणांचे नाव असते, हे तेथील कोणत्याही ग्रंथालयात दिसेल.

जबलपूरच्या गोलबाजारात संध्याकाळी गर्दी असते. दत्तमंदिराकडे निघालेली मराठी माणसे शहीद स्मारकावरून जातात. आत सभा असली की दार उघडे असते, नसली की बंद. आत भिंतीवर त्रिपुरी काँग्रेस आहे, नंदलालांच्या शिष्यांनी काढलेली माणसे आहेत. राममनोहर सिंहा २००७ मध्ये गेले, करुणा त्यानंतर दोन वर्षांनी. दोघे एकमेकांना ओळखत नसावेत. कामताप्रसाद गुरूंचे व्याकरण अजून छापले जाते.